अकरा तर अकराच

१४ मे, मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे! अथेन्सहून क्रिकेट संघटनेचा माणूस आला होता. क्लबच्या खोलीत आम्हा सगळ्याजणींना बसवलं आणि गोड आवाजात सांगितलं — जूनमधली स्पर्धा आपल्या बेटावर, देशाचा बायकांचा संघ पहिल्यांदाच उतरणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग म्हणतो, जोहान्सबर्गहून तीन मुली येतायत, आजी-आजोबा इकडचेच, खेळ एकदम पक्का. तेव्हा तुमच्यातल्या तिघींनी बाहेर बसायचं.

आगाथी पन्नाशीला टेकलीय. सकाळी मासे विकते, दुपारी सरावाला येते. तिने मान खाली घातली. पहिला नंबर आपलाच, हे तिला कळलं.

मरिएता ताडकन उठली. कॅप्टन शोभते! "अकरा तर अकराच. एकीला काढलंत तर एकही उतरणार नाही." मी तर बाकावरच चढले. सगळ्यांनी हात वर केले, आगाथी रडायला लागली.

स्टामाटिस तेवढा गप्प. आमचा प्रशिक्षक आणि माझा सख्खा भाऊ — दोन्हीकडून कात्रीत सापडलाय बिचारा.

१६ मे

अथेन्समधल्या माझ्या मावसबहिणीला अजून वाटतं क्रिकेट घोड्यावर बसून खेळतात. आणि इथे? ज्यांनी जन्मात बॅट धरली नाही तेही मैदानालगतच्या कमानींखाली कॉफी घेऊन बसतात नि झेल सुटला की आमच्या सात पिढ्यांची आठवण काढतात. मैदानाच्या कडेला गाड्या उभ्या असतात. परवा एकाची काच फुटली. धावत आला तो विचारतच — "सिक्स गेली ना पण?"

बघायला अख्खं शहर. खेळायला या म्हटलं की एकीला स्वयंपाक, एकीला गुडघ्याचं दुखणं. म्हणून तर आम्ही अकरा एकमेकींना धरून आहोत.

२१ मे

मरिएताने होकार दिला.

२२ मे

काल पुढे लिहवेना.

स्टामाटिस जेवायला आला होता. आईने सोफ्रितो केलं होतं, त्याच्या आवडीचं. त्याने घास मोडला नि ताटाकडे बघत म्हणाला, "तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मरिएता खेळणार आहे. कॅप्टनपद तिलाच ठेवलंय."

"आणि आगाथी?"

"मी काय सांगू? मरिएता म्हणाली, संधी पुन्हा यायची नाही."

मी तिथल्या तिथे सांगितलं — माझं नाव काढ. तो म्हणाला, "लुकिया, रागात बोलू नकोस." म्हटलं, काढ म्हणजे काढ! आईने डोक्याला हात लावला.

लहानपणापासून मरिएता चेंडू टाकते, मी यष्ट्यांमागे. तिच्या मनगटाकडे बघून मला कळतं चेंडू कुठे पडणार. मनगट कळलं, बाई कळली नाही.

२३ मे

मरिएताला फोन केला. तिने कापला. पुन्हा केला — पुन्हा कापला!

संध्याकाळी बाजारात समोरासमोर आलो. मी म्हटलं, "लाज नाही वाटली?" ती पांढरीफटक पडली. "तू मला विचारतेस? तोंड आहे का तुला?" आणि टोमॅटोची पिशवी तिथेच टाकून निघून गेली. चोराच्या उलट्या... जाऊ दे. टोमॅटो मी उचलले नाहीत.

३० मे

संघ जाहीर झाला. आगाथी नाही, तिची भाची नाही, मी नाही. बाकीच्या सगळ्या आहेत. "कॅप्टनच गेली मग आम्ही काय करणार" — हे मला चौघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं, जणू काही पाठ केलेलं.

निदान स्टामाटिसचं भलं झालं. देशाच्या संघाचा प्रशिक्षक! रात्रंदिवस त्या मैदानावर घाम गाळलाय त्याने. आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मला म्हणाला, "तुझ्याशिवाय मजा नाही गं." मला भरून आलं. या सगळ्यात एक तोच माझा.

८ जून, शनिवार

जाणार नव्हते. गेले.

कमानीच्या खांबामागे उभी राहिले. बसायला जागा नव्हती, लोक झाडांवर चढलेले, आल्याच्या सरबताच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या. पलीकडे डेन्मार्कच्या उंचच उंच पोरी. माझ्या जागी ती थालिया, जोहान्सबर्गची. चांगली आहे. खोटं कशाला लिहू — माझ्यापेक्षा चांगली आहे.

पण मरिएताने मनगट वळवलं तेव्हा मला कळलं चेंडू आत येणार, थालियाला नाही कळलं. चेंडू तिच्या डावीकडून सटकला, चार बाय. मला आनंद झाला! मग त्या आनंदाची किळस आली.

शेवटी मरिएताने त्यांच्या कॅप्टनच्या पायावर चेंडू मारला. अख्खं शहर ओरडलं — "हाउझात!" सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. शेजारचे म्हातारबाबा वळून म्हणाले, "अहो, तुम्ही तर कीपर! तुम्ही इथे काय करताय?"

जिंकलो. जिंकल्या त्या.

मरिएताला खांद्यावर घेतलं. ती हसत नव्हती. गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मी खांबाआड सरले.

९ जून

थालिया घरी आली! आईने आत घेतलं. तोडकंमोडकं बोलते, पण उच्चार इथल्या जुन्या बायकांसारखे, आजीकडून आलेले. म्हणाली, "मला सांगितलं होतं की इथे कीपरच नाही. म्हणून मी आले. काल एका म्हाताऱ्या माणसाने तुमचं नाव सांगितलं."

काय बोलणार? कॉफी दिली. तिच्या बोटाला सूज होती, मी पट्टी बांधून दिली. तिच्यावर राग धरायला गेले, पण तो तिथे बसेचना. सगळा जाऊन मरिएतावरच बसला.

१२ जून

आगाथीकडे मासे घ्यायला गेले. मी म्हटलं, मरिएताचं नाव या जन्मात घेणार नाही. आगाथी खवले काढत म्हणाली, "मला तर ती रोज विचारते तुझ्याबद्दल."

"काय विचारते?"

"लुकियाने असं का केलं, म्हणून."

मी असं का केलं? मी! मासे न घेताच परत आले.

१५ जून

मी कामावर, बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत होते. समोर मरिएता. दुसरी खिडकी बंद, नाहीतर आली नसती.

"इगुमेनित्सा. एक," ती म्हणाली.

मी तिकीट सरकवलं. ती वळली, पुन्हा परतली, काचेला तोंड लावून म्हणाली, "एकदाच सांग. सगळ्यांच्या आधी तू होकार का दिलास? तू गेलीस म्हणून मी गेले. आणि संघातून तुला काढलं तर त्याचा राग माझ्यावर?"

"मला काढलं नाही. तू होकार दिलास म्हणून मी नाव काढून घेतलं."

मागचा माणूस रांगेतून ओरडला.

"मी होकार दिला, हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

तिने सांगितलं.

आत्ता घरी बसलेय. खाली त्याची स्कूटर थांबली. आई म्हणते, लुकिया, स्टामाटिस आला, पान वाढ.