ढगाचा नियम रद्द करण्याबाबत

मी, जीवराम उखर्डू सुरवाडे, वय साठ, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, राहणार वरणगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्याविना हे लिहून ठेवतो. भुसावळच्या डॉक्टरांनी काही लपवलेले नाही. औषधे मी बंद केली आहेत.

१. राहते घर, भांडीकुंडी व पोस्टातील ठेव माझी पत्नी लिलाबाई हिची. पुतण्या भिकन आल्या आल्या भिंती मोजतो, त्याला घरातला कोनाडासुद्धा नाही. माझ्या कानशी व नट आवळायचे पाने त्याने न्यावेत. वापरील असे वाटत नाही.

२. माझे तेरावे करू नये. त्रिसरण-पंचशील म्हणावे, पुरे.

३. युद्धाच्या खेळाचा पट. मित्र मोतीलाल याने हा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, तेव्हा विमानांच्या नियमांची पाने फाटलेली होती आणि विमानेही नव्हती. मग शर्टाची बटणे विमाने झाली व नियम आम्ही घरीच केले. डावात विमान एकदाच मागायचे, तेही एक पाळी आधी. पटावर शेजारच्या घरात आपले शिपाई असतील तर बॉम्ब टाकायचा नाही. मागितल्यावर फासा टाकायचा. एक पडला तर ढग, विमान येणार नाही. हा ढगाचा नियम मोतीलालचा. त्याने खेळाला रंगत यायची, हे मान्य.

आमचा एकुलता मुलगा हिलाल याच पटावर खेळून फौजेत गेला. उत्तरेकडे बर्फातल्या चौकीवर त्यांना वेढा पडला. त्यांनी विमान मागितले. ढग होते. त्यातून वाचलेल्या एका जवानाने आमच्या ओट्यावर बसून हे सांगितले.

पुढे मोतीलाल माझे मन रमवायला डाव मांडून बसला. मी विमान मागितले, फाशावर एक पडला. म्हणालो, हा नियम काढ.

"नियम काढला तर खेळ काय राहिला, जीवरामभाऊ? तिकडेबी ढग होतेच ना."

लिलाबाई चुलीपासून म्हणाली, "हाऊ खेळच शे ना भाऊ? मंग येऊ द्या ना ते इमान."

तो उठून गेला, पुन्हा आला नाही. तो खोटे बोलला नाही, म्हणूनच मला ते सोसत नाही.

४. तरी पट मोतीलाललाच द्यावा, दुसऱ्या कोणाला तो समजणार नाही. अट एकच: त्याने लिलाबाईशी एक डाव खेळावा. तिला खेळता येत नाही. ती सोंगट्या कुठेही ठेवील आणि हरेल. पण ती विमान मागेल. तेव्हा मोतीलालने फाशाला हात लावू नये. माझी कशावरच आशा उरलेली नाही. एवढे एक विमान पोहोचू द्यावे.

वरणगाव, दि. २ डिसेंबर १९९१
सही: जीवराम उखर्डू सुरवाडे

आमच्यासमोर सही केली, सही त्यांचीच:
१. चिंधा वना तायडे
२. झुलाल पुना मेढे