महाबली पेकोरिनोचं शेवटचं दृश्य

रोम, चेन्तोचेल्ले
१२ ऑक्टोबर २०२१

प्रिय सावेरिओ,

पाकिटावरचं नाव वाचून तू हे पत्र न उघडताच चुलीत टाकलं नाहीस, याबद्दल आधी आभार. मी तुझ्या जागी असते तर टाकलं असतं. खरं तर बेचाळीस वर्षं मी तुझ्या जागी नव्हते, माझ्याच जागी होते, आणि तिथूनही तुला शिव्याच घालत होते. शूटिंग संपायला दोन दिवस उरलेले असताना माणूस सकाळी उठतो, पेटी उचलतो, मोल्फेत्ताची गाडी पकडतो आणि जिच्याबरोबर आठ आठवडे एका ताटलीत जेवला तिला साधं ‘येतो’ म्हणत नाही. का, एवढंच मला हवं होतं. चिठ्ठी लिहून विचारायला माझा स्वाभिमान आड आला, आणि तूही कधी लिहिलं नाहीस.

गेल्या शनिवारी इथल्या चर्चच्या सभागृहात आपला ‘महाबली पेकोरिनो’ दाखवला. जुने, पडेल, कुणी विचारत नाही असे चित्रपट शोधून काढणारं एक मंडळ आहे. लुदोविका नावाची मुलगी ते चालवते, तिच्याकडूनच तुझा पत्ता घेतला. तिने तुलाही फोन केला होता ना? तू म्हणालास म्हणे, “शेवटचं दृश्य कापणार असाल तर येतो.” तिला ती गंमत वाटली. मला मात्र ते लागलं. म्हटलं, या माणसाला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही.

पण लोक काय हसले रे! पोटं धरून हसले. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज विकणारा पोरगा, धूमकेतू पडलेल्या तळघरातलं चीज खातो आणि महाबली होतो. आणि दुपारी एकची घंटा झाली की जिथे असेल तिथे झोपतो, मग तो हवेत का असेना. तुला फळीवर पालथं झोपवून ती फळी आपले दिग्दर्शक सिन्योर बाल्दास्सारी यांच्या फियाट मोटारीच्या टपावर बांधली होती, तेच आपलं उड्डाण. फळीचं टोक पडद्यावर स्वच्छ दिसतं. तुझा झगा म्हणजे त्यांच्या आईच्या दिवाणखान्याचा पडदा, त्याच्या कड्यासुद्धा काढल्या नव्हत्या. न्यूयॉर्क म्हणून आपण जो रस्ता दाखवला तिथे तिसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी पायजमे वाळताहेत. पोलिसांची गाडी एकाच बाजूने रंगवलेली, म्हणून ती अख्ख्या चित्रपटात डावीकडेच जाते. गुंडांना तू थोबाडीत मारतोस तो आवाज म्हणजे खाटकाकडून आणलेल्या मांसाच्या तुकड्यावर मारलेली थाप. त्याच मांसाचं संध्याकाळी आपण कालवण केलं होतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, “यांच्याकडे दमडी नव्हती, पण मजा बघ किती आहे.” मला एकदम भरून आलं. आपण किती गरीब होतो आणि किती खुशीत होतो, हे त्या अनोळखी माणसाला कळलं होतं.

तू गेल्यावर उरलेली दोन दृश्यं विजेचं काम बघणाऱ्या जाड्या तुल्लिओला तुझा तो नाकापर्यंतचा मुखवटा घालून उरकली. बँकेत शिरणारा पेकोरिनो सडसडीत, आणि बाहेर पडणारा दोन माणसांएवढा. सभागृहात टाळ्या पडल्या. मी मात्र तेव्हाही रडले होते आणि शनिवारीही माझं हसू तिथे थांबलं.

तू गेल्यावर चार वर्षांनी मी एत्तोरेशी लग्न केलं. ट्राम चालवायचा, सरळ मनाचा माणूस. सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबरोबरच्या संसाराबद्दल माझी काही तक्रार नाही, हे तुला स्पष्ट सांगते. त्याची थोरली बहीण अस्सुन्ता आता माझ्याकडेच असते. ती जन्मापासून बहिरी आहे, ओठांवरून बोलणं ओळखते आणि स्वतः मोठ्यांदा, एका सुरात बोलते. शनिवारी तिलाही नेलं होतं. आपले चित्रपट बघताना ती भलत्याच ठिकाणी हसते, याची मला सवय आहे. शूटिंगला आपल्याकडे आवाज धरतच नसत, सगळं मागाहून दुसऱ्यांच्या आवाजात भरायचे. संवाद पाठ नसले की बाल्दास्सारी म्हणायचे, “आकडे म्हणा रे, ओठ हलले म्हणजे झालं!” आणि आपण इमानदारीत आकडे म्हणायचो. इतरांना ऐकू येतं, “हे जग आता नष्ट होणार!” आणि अस्सुन्ताला दिसतं, “सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.”

शेवटचं दृश्य आलं. तू गेलास त्याच्या आदल्याच दिवशी घेतलेलं, गच्चीवर तू आणि मी. तुझा झगा फडफडावा म्हणून जुन्या विमानाचा पंखा लावला होता, त्याच्या घरघरीत स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. मला बोलायचं काही नव्हतं. तुझ्या मागे, कॅमेऱ्याच्या बाहेर, बाल्दास्सारी उभे राहून मला हाताने खुणा करत होते: याच्याकडे बघ, डोळे पूस, नाही म्हणून मान हलव. तू बोललास, मी मान हलवली, नकारार्थी, दोनदा. पडद्यावर तुझ्या तोंडी वाक्य येतं, “न्यूयॉर्क वाचलं, आता मला भूक लागली!” लोक खो खो हसले. अस्सुन्ता हसली नाही. तिने माझा दंड धरला आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नोरीना, हा मोजत नाहीये. हा म्हणतोय, नोरीना, मी घरी चाललोय, मोल्फेत्ताला, बाबांच्या होड्यांच्या कामावर. माझ्याशी लग्न करून येशील का? नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, माझे डोळे मुखवट्याआड आहेत तोवर.” आणि मग मला म्हणाली, “अगं, तू नाही म्हणालीस की!”

लुदोविकाला ते दृश्य मी चार वेळा लावायला सांगितलं. चारही वेळा अस्सुन्ताने तेच वाचलं, आणि चारही वेळा मी मान हलवली. कसा रे तू एवढा बावळट? पण माझे डोळे तुझ्याच दिशेला होते, म्हणून तुला वाटलं असणार की मला ऐकू येतंय. उघड्या चेहऱ्याने तुला हे विचारता आलं नसतं, हे मला कळतं. ज्याला चिंचोक्याएवढी भोकं असलेल्या मुखवट्यातून समोरचंच दिसतं, त्याला मागे हातवारे करणारा दिग्दर्शक कसा दिसणार? म्हणजे बेचाळीस वर्षं मी ज्याला पळपुटा म्हणत आले, तो मला विचारून, माझं ‘नाही’ ऐकून, निमूट घरी गेला होता. सावेरिओ, ते दृश्य आठवून तू किती वेळा खाली मान घातली असशील, या विचाराने मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून हे पत्र. त्या दृश्यातली मान बाल्दास्सारींची होती, डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं, मागाहून भरलेला हुंदकासुद्धा मिलानच्या कुणा बाईचा. माझं त्यात काहीच नव्हतं. माझं उत्तर मी, कुणी विचारलंच नाही असं समजून, कधी दिलं नाही, ते आज देते. मी हो म्हटलं असतं. पंखा बंद असता तर तिथेच, गच्चीवर, सगळ्यांसमोर म्हटलं असतं. आजच्याबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, तेव्हा मीही काही सांगत नाही. तुझ्या बायकोला, रोझारियालाही जाऊन बरीच वर्षं झाली, असं लुदोविका म्हणाली. काही विचारायचं असलंच, तर इथे येऊन विचार. मला अजून नीट ऐकू येतं.

तुझीच, तेव्हाही आणि आत्ताही,
नोरीना