विहारात वाचलेली कादंबरी

पुणे,
ता. ४ ऑक्टोबर १९९८

आदरणीय आबांस,
वृषालीचा सविनय जयभीम. वि. वि.

सोबतचे बाड उचलून आणताना पोस्टमन दमला असेल, त्याला आधी पाणी द्यावे. मी कादंबरी लिहिली आहे आणि ही तिची टाइप केलेली प्रत आहे. शाळेतून शिकवून आले की संध्याकाळी लिहीत बसायची. पुरी होईल याची मलाच खात्री नव्हती, म्हणून घरात कोणाला बोलले नाही.

नाव 'वीज गेल्यानंतर'. गोष्ट पुढच्या काळातली. एके दिवशी देशभरची वीज जाते ती परत येतच नाही. नळ आटतात, गाड्या थांबतात, धान्य गोदामात कुजते आणि शहरातली माणसे उपाशीपोटी डोंगराकडे चालू लागतात. आपल्यासारख्याच एका वाडीजवळ ती येतात. त्यांना आत घ्यायचे की पुलावरच अडवायचे, या पेचावर पुढची सारी गोष्ट आहे. सगळे मनाने रचलेले. तुम्ही म्हणाल, धरण उशाला असून आपल्याकडे आठवड्यातले चार दिवस वीज नसतेच, मग कोसळायचे ते काय राहिले!

डोंगरातल्या खाण्यापिण्याविषयी चुका असतील, तेवढ्या काढून कळवाव्यात. जानेवारीत प्रकाशकांकडे द्यायची आहे. एकच विनंती, आबा. एकट्यानेच वाचा. मला अजून लाज वाटते.

गुडघ्याला तेल लावता ना? तुमची माया आहेच, आता थोडा परीक्षकाचा कडकपणाही असू द्यावा.

तुमची नात,
वृषाली

*

पांगरवाडी, ता. अकोले,
ता. २० ऑक्टोबर १९९८

चि. वृषाली हिस,
रखमाजी धोंडिबा घोलप याचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाड सुखरूप पोहोचले. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच आहे. तथापि एकही पान न गाळता संपूर्ण वाचन केले. दोन चुका आढळल्या. नागली तू ज्येष्ठात कापावयास लावली आहेस. ज्येष्ठात ती पेरतात. तसेच कडू कंद एका उकळीत शिजवून सर्वांना वाढला आहेस. तो चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो, अन्यथा तुझी सर्व पात्रे दुसऱ्याच प्रकरणात मरतील व पुढे लिहिण्यास कोणी उरणार नाही.

एकट्याने वाचण्याची तुझी सूचना माझ्याकडून पाळली गेली नाही. वर्षावासाचे ग्रंथवाचन आश्विन पौर्णिमेस समाप्त झाले. परंतु संध्याकाळी विहारात येऊन बसण्याची मंडळींची सवय सुटलेली नव्हती आणि माझीही नव्हती. म्हणून ग्रंथ वाचणाऱ्याच्या त्याच उंच बैठकीवर बसून तुझी कादंबरी वाचावयास घेतली. लंकाबाई ग्रंथाच्या दुसऱ्या पानास डुलकी घेते, हे तुला ठाऊक आहे. तिनेही डोळा मिटला नाही. उलट खोकणाऱ्यांवरच डाफरत होती.

वाचनानंतर मंडळींनी शंका विचारावी व वाचणाऱ्याने उत्तर द्यावे, हा आपल्या विहाराचा प्रघात आहे. माझ्याकडून आजवर एकही शंका अनुत्तरित राहिलेली नाही. लंकाबाईने विचारले की, आबा, ह्ये समदं कवा व्हनार हाय? सर्व मंडळी माझ्या तोंडाकडे पाहू लागली. सन दोन हजार लागताच संगणक बंद पडतील, असे वर्तमानपत्रात वाचले होते. त्यास अनुसरून मी सांगितले की, पुढील वर्षाच्या अखेरीस होईल.

तेव्हापासून वाडीतील कोणी नागली-वरई बाजारात नेत नाही. शेजारच्या कारभारीने तर आपल्या मुलीला, भारतीला, परिचारिकेच्या शिक्षणासाठी नगरला पाठविण्याचा बेत रद्द केला. तुझ्या सातव्या प्रकरणात वसतिगृहातील मुलींना कुलपात ठेवून सारे पळून जातात, ते त्याच्या मनाने घेतले आहे. वाचनाचा असा परिणाम मी पूर्वी पाहिलेला नाही. तुला अभिमान वाटावा म्हणून कळवीत आहे. मात्र आमच्या ओट्यासमोरून जाताना भारती हल्ली मान फिरविते. कारण मी विचारलेले नाही.

प्रकृतीस जपावे व म्हाताऱ्यावरील स्नेह कमी होऊ देऊ नये.

तुझा आजोबा,
रखमाजी धोंडिबा घोलप

*

पुणे,
ता. २६ ऑक्टोबर १९९८

आदरणीय आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

कडू कंदाबद्दल आभार. माणसे वाचवली तुम्ही. पण पुढचे वाचून अभिमान वाटला नाही. आणि तुमचे पत्र येण्याआधीच भारतीचा राजूरहून फोन आला होता. मला म्हणाली की, वृषालीताई, तुझ्या पुस्तकातल्या पोरींना परक्यांनी कोंडलं, मला तर घरच्यांनीच कोंडलं, आन ते बी तुझ्या पुस्तकानं. हसून म्हणाली आणि मग हुंदके देत राहिली. तिच्यामागे रांग लागलेली. कोणी तरी ओरडत होते की, बाई, रडायचं तर बाहेर रड, फोन सोड.

आबा, गेल्या वर्षी तिची निवड हुकली होती, या वर्षी झाली. सोळा नोव्हेंबरपर्यंत हजर झाली नाही तर जागा पुढच्या मुलीला जाईल. कारभारीकाका संगमनेरकडचे स्थळ पाहताहेत, हेही तिनेच सांगितले. पुन्हा अशी संधी तिला मिळणार नाही.

तेव्हा हात जोडून सांगते. त्याच बैठकीवर बसून एवढेच बोला की गोष्ट खोटी आहे आणि पुढच्या वर्षाचे उत्तर पुस्तकातले नव्हते, तुमचे होते. पुस्तकात मी सालच घातलेले नाही. लिहिताना एकदाही वाटले नाही की कोणाच्या दाराला कडी लागेल. मला माझ्याच पानांची शरम वाटते आहे.

रागावू नका. रागावलात तरी माया तेवढीच असू द्या.

तुमची,
वृषाली

*

पांगरवाडी,
ता. २ नोव्हेंबर १९९८

चि. वृषाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून मान खाली गेली. चूक माझी आहे, हे येथे लिहून देतो. परंतु लिहिणे निराळे आणि विहारात बोलणे निराळे, हे मला या आठवड्यात समजले. दोनदा बैठकीवर बसलो. घसा साफ केला. मंडळी पुढे सरकली. आणि मी भाताच्या कापणीविषयी चार शब्द बोलून उठलो.

काल भारती स्वतः घरी आली. लहानपणी आमच्या घरी ती तुझ्याबरोबर खेळली, पण काल ओटा न चढता अंगणातच उभी राहिली. तिचे शब्द जसेच्या तसे देतो, अशुद्धाबद्दल क्षमा असावी. म्हणाली की, आबा, पुढच्या साली समदं बुडनारच हाय म्हनता, तर मंग बा माझं लगीन कशापायी जमवतोय? ते बी बुडंल की. ती पुढे म्हणाली की, तुमी न्हाई म्हनला असता तर बानं ऐकलं असतं, त्यो फकस्त तुमचंच ऐकतो. एवढे बोलून गेली. पाणीसुद्धा घेतले नाही.

एक मार्ग सुचला आहे, तो लिहिण्यास संकोच वाटतो. तू लेखिका आहेस. काळाविषयी आपलीच चूक झाली, असे पत्र तू मंडळींच्या नावे पाठविलेस, तर मी ते मोठ्याने वाचून दाखवीन. भारतीचे काम होईल. तू पुण्यास असतेस. तुला येथील लोकांसमोर रोज बसावयाचे नाही. मला बसावयाचे आहे.

हे मागणे आजोबाला शोभणारे नाही. तरी पाठवावेस व मनात अढी धरू नये.

तुझा आजोबा,
रखमाजी धोंडिबा घोलप

*

पुणे,
ता. ७ नोव्हेंबर १९९८

आदरणीय आबांस,
जयभीम. वि. वि.

मंडळींच्या नावे लिहिलेला कागद सोबत जोडला आहे. काळाविषयीची चूक माझी, लोकांना घाबरवल्याबद्दल माफी, असे त्यात आहे. खोटे आहे, पण खोटे लिहायची आता सवय झाली आहे. भारती वेळेत पोहोचावी, एवढेच मला हवे.

वाचायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला लहानपणापासून त्या बैठकीवर पाहिले आहे. तिथून उतरायला तुम्हाला किती जड जाईल, ते मला कळते. म्हणून रागावता येत नाही आणि तेच जास्त लागते.

थंडी पडली असेल, कान बांधून फिरावे. आहे ती माया राहू द्यावी.

वृषाली

*

पांगरवाडी,
ता. १८ नोव्हेंबर १९९८

चि. वृषाली हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी तुला हवी ती बातमी देतो. भारती नगरला मुदतीत हजर झाली. आता उरलेले लिहितो. ते वाचून झाल्यावर माझ्याविषयी जे वाटेल ते वाटू द्यावे.

तुझा कागद मी वाचला. दि. १३ रोजी, सर्व मंडळींसमोर, स्पष्ट उच्चारात वाचला. वाचून होताच मला हलके वाटले, हे लपवीत नाही. ते फार टिकले नाही. लंकाबाई कडाडली की, शिकल्याली पोर आन आपल्याच मान्सांला भ्या दावती, पुन्यात ह्येच शिकवत्यात का? कोणी म्हणाले की तिला गावात येऊ दे, मग विचारतो. आणि कारभारी उठून बोलला की, बरं झालं कळलं, पोरगी शिकून भाईर ऱ्हायली की अशी लबाड व्हती, माझी भारती आता न्हाईच जायाची, आबांच्या घरची बिघडली तर माझी काय ऱ्हानार.

वृषाली, मी तो कागद हातात धरून तसाच बसलो होतो. तुझ्यावर शिव्या पडत होत्या आणि माझ्याकडे सर्वजण कीव करून पाहत होते, की बिचाऱ्या म्हाताऱ्याला नातीने फसविले. ती कीव मला गोड वाटली. क्षणभरच, पण वाटली. ते मी कोणाला सांगू शकणार नाही, म्हणून तुला सांगतो.

मग मी बैठकीवरून उतरलो व मंडळींत जमिनीवर बसलो, कारण वर बसून मला ते बोलता येईना. सांगितले की पुस्तकात साल नाही. पुढील वर्ष हे माझे उत्तर होते, आणि मला ठाऊक नाही असे म्हणण्याची लाज वाटली म्हणून ते दिले. कागदही मीच मागवून घेतला, पोरीने माझी अब्रू राखण्यासाठी स्वतःची घालविली, हेही सांगितले. सर्वांआधी लंकाबाईने विचारले की, मंग आबा, माझी म्हैस फळंल म्हनला व्हता, ते बी असंच का? मी म्हणालो की, होय, तेही तसेच. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. त्यानंतर एकेकाने आपापली जुनी शंका आठवून विचारली. कोणती खरी, कोणती माझ्या पदरची, ते सांगता सांगता माझा आवाज बसला.

कारभारी मध्येच उठून गेला. रविवारी पहाटे जीप फाट्यावर उभी राहिली, तेव्हा भारतीची पेटी त्यानेच डोक्यावर आणली होती. मी निरोप देण्यास गेलो होतो. मी जयभीम घातला. त्याने पेटीची दोरी आवळण्यात लक्ष घातले. भारतीने मात्र खिडकीतून सांगितले की, आबा, वृषालीताईला कळवा. म्हणून कळवीत आहे.

विहारात संध्याकाळी मंडळी जमतात. मी दारापाशी बसतो. बैठकीवर कोण बसेल, ते अद्याप ठरलेले नाही.

कादंबरीत बदल करू नयेस, ती छापावयास द्यावीस. तुझा तो कागद मात्र माझ्या तोंडून सर्वांनी ऐकला आहे, तो परत घेता येत नाही. मी खरे सांगितले, तरी वाडीतील निम्म्या बाया अजूनही तुझेच नाव घेतात. खोटे माझ्या ठणठणीत आवाजात ऐकले आणि खरे बसलेल्या आवाजात, त्याला मी काय करू? मे महिन्यात तू येशील तेव्हा फाट्यावर थांबावेस. एकटीने वाडीत शिरू नयेस. मी घेण्यास येईन व पुढे चालेन. ज्याला बोलावयाचे आहे त्याला वाटेत आधी मी लागेन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असे लिहिण्याची रीत आहे आणि मी ती जन्मभर विचार न करता पाळली. आज हात थांबला. मागण्याचा हक्क उरला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तरी मागतो.

रखमाजी