सांबार म्हणजे कोथिंबीर

दादा, सांबार म्हणजे कोथिंबीर. एवढंच त्या दिवशी हसत हसत सांगता आलं असतं, तर आज हा कागद घेऊन बसलो नसतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वयालाही मी मागे टाकलंय. जन्मभर कॉलेजातल्या पोरांना परक्या भाषा शिकवल्या, आता पेन्शनीत आहे. सकाळी भाजीवाली दारात येते, सून तिला म्हणते, "कोथिंबीर ताजी आहे का गं?" आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसतो. घरात कोणाला त्याचं कारण माहीत नाही.

साखरखेर्ड्याच्या बाजारात लिंबाखाली बसलेले तुम्ही मला अजून दिसता. आपला माल लवकर विकायचा आणि मग दुसऱ्यांच्या भानगडीत पडायचं, ही तुमची रीत. आई त्यावरून किती कुरकुरायची! तांड्यावरची लमाण बाई आणि मारवाडी कापडवाला यांचं जुळलं नाही की हाक तुम्हाला यायची. तिच्याशी तुम्ही तिच्या बोलीत बोलायचात, त्याच्याशी त्याच्या, निजामाच्या मोगलाईतून बैल घेऊन आलेल्या मियाँशी उर्दूत. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. एकदा त्या बाईने कापडवाल्याला अशी सणसणीत शिवी हासडली की मी बघतच राहिलो, आता दादा काय सांगतात म्हणून. तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, "बाई लई तापली हाये, शिव्या देऊन राह्यली." शिवी उच्चारली नाहीत, पण दिल्याचं लपवलंही नाहीत. घरी येताना मला म्हणालात, "दोघायच्या मधी उभं राह्यलं का कोनाची मान खाली जाऊ द्याची नाही. अन् अर्धं पोटात ठेवाचं नाही." तेव्हा माझं लक्ष तुमच्या पिशवीतल्या रेवड्यांकडे होतं.

अशा माणसाच्या मुलाने पुढे भाषाच शिकायला घेतल्या. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून मोठं शिक्षण म्हणजे नागपूर. मी इंग्रजी आणि फ्रेंच घेतलं. गावात विचारायचे, हा वकील होईल का, तहसीलदार होईल का? तुम्ही सांगायचात, "बोलाचं शिकून राह्यला तो." पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा ओसरीवर बसून तुम्ही मला खोदून खोदून विचारलं, ते फ्रेंच लोक जेवतात काय, पाहुणा आला तर काय म्हणतात, बापाला काय म्हणतात. मी म्हटलं, 'पेर'. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "पेर? बरोबर हाये. बाप पेरतेच ना बे!" वर्गात आम्ही पाच जण होतो, त्यांतल्या एकालाही तो शब्द इतक्या लवकर आपलासा झाला नव्हता. मी हसलो नाही. तुमचा उच्चार चुकला, असं म्हणालो.

त्याच सुट्टीत आईचंही सुरू केलं. ती म्हणे, "काऊन रे, भाकर खात नाही?" मी म्हणे, काऊन नव्हे, का. ती म्हणे, "तुले भाजी वाढू?" मी म्हणे, तुला. चारपाच दिवस ती बिचारी शब्द चाचपत बोलली. मग भाकरीचं टोपलं माझ्यापुढे सरकवून गप्पच राहू लागली. मला वाटलं, सुधारतेय. इतका गाढव मी होतो, दादा.

मग हिवाळ्यात तुम्ही नागपूरला आलात. खामगावपर्यंत मोटार, जलंबला गाडी बदलायची, असा दोन दिवसांचा प्रवास. आमचे प्राध्यापक पुण्याचे, नुकतेच आलेले, मोठे सज्जन. त्यांनी तुम्हाला घरी चहाला बोलावलं. दिवाणखान्यात तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसलात आणि म्हणालात, "वावरातलं सांबार आनलं हाये मास्तरीनबाईसाठी." बाई आतून पातेलं घेऊन आल्या, सांबार ओतून घ्यायला! तुम्ही ओल्या फडक्यातून कोथिंबिरीची जुडी काढलीत, दोन दिवस पाणी मारत टवटवीत ठेवलेली. बाई हसल्या, सर हसले. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, तुम्हीही हसलात. एक मी तेवढा कानापर्यंत लाल झालो.

तिथून पुढे सरांना तुमचं बोलणं कळलं नाही की ते माझ्याकडे बघत, आणि मी सांगे, "ते म्हणतात, यंदा कापूस बरा आहे." "ते विचारतात, आपल्याला इथली हवा मानवते का?" माझ्या बापाची मराठी मी मराठीत करून सांगत होतो, आणि परीक्षेला बसल्यासारखा ऐटीत सांगत होतो. उठता उठता तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "मास्तरसाहेब, याची जीभ तुमी मोठी केली, लई उपकार झाले. पन घरी आला का हा मायले बोलू देत नाही. तिचं बोलनं यानं तोडू नये, येवढं याले सांगजा." भरभर बोललात, सरांना बहुधा 'उपकार' तेवढं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "वडील म्हणतात, आपले फार उपकार झाले."

"छे छे, उपकार कसले," सर म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. टांग्याने स्टेशनवर आलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणालात, "अर्धंच सांगतलं तू." रागावला असतात तर बरं झालं असतं, मी उलट उत्तर दिलं असतं आणि मोकळा झालो असतो. तुम्ही ते असं सांगितलंत, जणू एका दुभाष्याने दुसऱ्याची चूक दाखवली.

पुढच्या सुट्टीत घरी आलो तर तुम्ही दारातच म्हणालात, "ये. मला वाटलं, उद्या येशील." 'मला' म्हणालात! मी खूशच झालो. मग ऐकलं, तर गड्याशी 'मले', आईशी 'मले', गाईशीसुद्धा वऱ्हाडीच, आणि माझ्याशी तेवढं अडखळत, जपून, पुस्तकातलं. परक्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलायची तुमची रीतच होती, त्या रीतीत तुम्ही मला बसवलंत. आई एकदा म्हणाली, "त्यायले म्या इचारलं, पोराशी असं काऊन बोलता? तर म्हने, त्याले समजलं पाह्यजे ना." मला समजत होतं, दादा. तुमचा शब्द न् शब्द समजत होता. ते तुम्हाला सांगायला मला वेळ झाला नाही, असं मी लोकांना सांगतो. वेळ पुष्कळ होता. लाज वाटत होती.

शेवटच्या दुखण्यात, दुपारच्या वेळी, आई उशाशी होती आणि मी पायाशी. तुम्ही तिला म्हणालात, "मले उठवून बसव." मग डोळे माझ्याकडे वळले, थोडे थांबलात, शब्द जुळवलेत आणि म्हणालात, "मला पाणी दे." मी पाणी दिलं. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, टेबलाच्या खणात राहील. यात मी उरलेलं अर्धं सांगितलं, असं मघाशी मनाचं समाधान करून घेत होतो. पण एक कबूल करतो. सुरुवात केली तेव्हा पहिली ओळ 'दादा, मले माफ करा' अशी लिहिली होती. वाचून बघितली, कोणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि 'मले' खोडून 'मला' केलं. मग ती ओळच काढून टाकली.