जावयाचा ई-मेल आणि तुझा पेंग्विन

चि. विनेश यास,

आधी आशीर्वाद लिहून घेतो, कारण पुढचे वाचल्यावर ते आहेत असे तुला मुळीच वाटणार नाही. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग. ताईचा गुडघा कसा आहे? इथे तुझी गोदूमामी बरी आहे. मी बरा नाही, आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

आपल्या तेजस्वीला थळचे स्थळ आले, हे तुला ठाऊकच आहे (हसू नकोस, थळचेच स्थळ). मुलगा साहिल जहाजावर असतो. त्याचे वडील तुळशीराम म्हणाले होते, "पोराचं हो-न्हाय काय ते ई-मेलनं येईल." मी म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर राहिलेला माणूस, ई-मेलला भितो काय? "येऊ द्या," म्हणालो. त्या शब्दावर तू तुझा जुना कॉम्प्युटर आणून दिलास, आणि त्यातले चांगले विंडोज काढून लिनक्स भरलेस, पडद्यावर त्याची खूण म्हणून तो पेंग्विन बसवलास. का, तर लिनक्सला व्हायरस लागत नाही. अरे, त्याला इंटरनेटच लागत नाही, तर व्हायरस कुठून लागणार?

तू गेलास आणि मी मोडेमला (फोनची तार कॉम्प्युटरला जोडणारी ती डबी) हात लावला, तर म्हणे परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच फोनला! रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड हवा म्हणे. (आम्हाला रूट माहीत तो म्हसळा-श्रीवर्धन.) तू फोनवर सांगितलेला पासवर्ड टाकू लागलो, तर एक अक्षर उमटेना. कीबोर्ड मेला समजून बटणे ठोकत बसलो. मग तू सांगतोस, लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना दिसतच नाही! आधी सांगायला तोंडाला काय झाले होते?

शेवटी मोडेम किंचाळला. गोदू मागील दारातून धावत आली, "अवो, मांजरीवर पाय दिलात काय?" जोडणी झाली असे पडद्यावर आले, आणि पुढे काही नाही. पान उघडायचे ते कोरेच. तोडले, पुन्हा जोडले, पुन्हा कोरे. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी तसाच जोडून बसू लागलो. तेजस्वी म्हणायची, "अप्पा, राहू द्या ना." मला वाटले, पोर नकाराला घाबरतेय. मी आणखीच चिकटून बसलो.

काल दुपारी तुळशीराम स्कूटरवरून थेट दारात. धुळीने माखलेले, चेहरा लालबुंद. "धर्माजीराव, पोरगी द्यायची न्हाय तर तोंडावर सांगा! कवाधरनं फोन करतोय, तुमचा आपला एंगेजच!"

मी मोडेमकडे पाहिले; तो जोडलेला असला की फोन एंगेजच लागणार. तो भला माणूस साहिलचा होकार कळवायला फोन करत होता, आणि मी त्याच होकाराची वाट बघत फोन अडवून बसलो होतो! ते मागच्या पावली परत निघाले होते. गोदूने स्कूटरसमोर उभे राहून त्यांना थांबवले. मी आत नेऊन ते कोरे पान दाखवले, तेव्हा कुठे ते हसले. लग्न ठरले. यात तुझा काडीचा वाटा नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा (अजून तरी) मामा,
धर्माजी

ता. क. : तेजस्वीला होकार आधीच माहीत होता. ती आणि साहिल म्हसळ्याच्या सायबर कॅफेतून कधीपासून एकमेकांना लिहितात म्हणे. घरात बेखबर मी एकटाच.

आणखी एक : तुळशीरामांना तुझा पेंग्विन फार आवडला. चहा निवला तरी समोरून उठेनात. त्यांनाही घरी लिनक्सच हवे आहे. आमचा भाचा यातला मोठा जाणकार आहे, येत्या रविवारी येऊन बसवून देईल, असे मी छातीठोकपणे सांगितले आहे. व्याह्यांचे मन राखायचे आहे, तेव्हा नाही म्हणू नकोस. फक्त अक्षता पडेपर्यंत त्यांच्या फोनच्या तारेला हात लावू नकोस.