कप कोण धुणार?

गुरुवार, संध्याकाळ. वन-नॉर्थ

आज लॅबच्या पँट्रीत उष्टे कप साठले होते. माझी रशियन सहकारी इरिना म्हणाली, "हे कोण धुणार, आमचे महाकवी?" रशियन विनोदी लेखक पडेल ते काम त्यांच्या सर्वांत थोर कवीच्या गळ्यात मारतात म्हणे. सगळे हसले. मी एक कप धुवायला घेतला.

पूर्वी इरिनाकडूनच ऐकलेला हाच विनोद मी बाबांवर केला होता. पुण्यात जन्मभर रशियन शिकवलं त्यांनी, तो कवी म्हणजे त्यांचं दैवत. व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "गोळ्या कोण घेणार बाबा, तुमचे महाकवी?" वाटलं, खूश होतील. ते शांतपणे म्हणाले, "ज्यांना तो पाठ आहे त्यांनी अशी थट्टा करावी. तू एक ओळ तरी वाचलीस का?"

नव्हती वाचली. दोन महिन्यांत बाबा गेले. तो कप मी किती वेळ घासत होतो कोण जाणे.

एमआरटी मेट्रोतून उतरलो तर पुण्याहून आईचा फोन. "त्यांची रशियन पुस्तकं आता कोण वाचणार रे?"

तोच विनोद जिभेवर आला. स्वतःचीच लाज वाटली.

"इकडे पाठव," म्हटलं.

का म्हटलं? त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही.