धारेवरची रेघ

१७ जाने. १९७९, बुध.
आज गुरुजींना लागलं. हनुवटीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं. तुरटी फिरवली, थांबलं. म्हणाले, "मारोती, रक्त पाहून शाळेतले पोट्टे भेतीन ना." हसले. मीही हसलो. पण इतक्या वर्षांत माझा वस्तरा त्यांना कधी लागला नव्हता.
निघताना नेहमीसारखा उन्हात धरून पाहिला होता. धारेवर पांढरी रेघ नव्हती. रेघ दिसली म्हणजे धार गेली, दिसली नाही म्हणजे वस्तरा तयार. बापानं एवढंच शिकवलं आणि एवढ्यावरच जन्म निघाला. वस्तरा तयार होता. मग हातच चुकला म्हणायचा. छप्पन्न वय झालं.

१९ जाने.
काठोकाठ भरलेला तांब्या उजव्या हातात धरून दारात उभा राहिलो. शंभर मोजले. पाणी सांडलं नाही. सौ. म्हणाली, "हे काय नाटक लावलं सकाऊनच?" म्हटलं, कंबर दुखते, वैद्यानं सांगितलं. कोणता वैद्य, ते तिनं विचारलं नाही, बरं झालं. चहा मात्र आजपासून बंद. चहानं हात थरथरतो म्हणतात.

दुपारी विमल आली. जवाहरनगरहून माहेरी आली आहे, कडेवर लेकरू. आधीची दोन राहिली नाहीत, हे तिसरं, अकरा महिन्यांचं. १ तारखेला जावळ काढायचं ठरलं.
"काकाजी, माह्यं जावळ तुमीच काढलं होतं. याचंबी तुमच्याच हातानं पायजे."
जावई फॅक्टरीत आहे. तो ब्लेडचा वस्तरा आणतो म्हणत होता. हिनं त्याला गप्प केलं. "माह्या लेकराच्या टाळूले ब्लेड लागणार नाही," म्हणे.
मी हो म्हटलं. म्हणताना टाळूवर बोट ठेवून पाहिलं. अजून भरली नाही. चार आण्याच्या नाण्याएवढी मऊ जागा, आणि खाली टिकटिक. पोरानं माझं बोट धरून ठेवलं होतं.

२० जाने., शनि.
किसनची दाढी. "काहून जी, आज ओढून राह्यला?" म्हणाला. म्हटलं, तुझी दाढी आहे की गोखरूचे काटे? नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. घरी येऊन धारेच्या चामडी पट्ट्यावर चाळीस हात मारले. उन्हात पाहिलं. रेघ नाही. वस्तऱ्यात काहीच खोट नाही, आणि तरी ओढतो.
विमलच्या घरी जाऊन नाही म्हणावं का? कारण काय सांगू?

२२ जाने., सोम.
सोमवार, काम बंद. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, मी हत्यारांची धोकटी झटकत बसलो होतो. सौ. अंगणात तांदूळ निवडत होती. सूप ठेवायला जागा हवी म्हणून तिनं चटईवरचा वस्तरा उचलला.
"अवो, याले धार नाही लावली का? केवढी रेघ चमकून राह्यली."
हातातून घेतला. पाहिलं. तिरपा केला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला. "कुठं?"
"हे काय. या टोकापासून त्या टोकापर्यंत."
मला काही दिसेना. वस्तरा आणि ऊन, बस्स.
"हो, तेच पाहत होतो," म्हटलं आणि घरात येऊन बसलो.

म्हणजे रेघ होती. रोज होती. मला दिसत नव्हती. आणि दिसत नाही म्हणून मी म्हणत होतो, तयार. कधीपासून? दिवाळीपासून? त्याच्याही आधीपासून? बोथट वस्तरा दाबावा लागतो, आणि दाबला की घसरतो. तो घेऊन मी अर्ध्या गावाच्या गळ्यावरून हात फिरवला.
हाताचा काही दोष नव्हता. उगाच चहा सोडला.

२३ जाने.
सांगितलं नाही कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. न्हाव्याचे डोळे गेले हे एकदा गावात पसरलं की माझ्यापुढे मान कोण वाकवणार? वाकवूही नये.
डोळ्यांना दाखवायला तुमसरला जाईन. पण जावळानंतर. आधी गेलो तर लोक विचारतील.

२५ जाने.
धारेचा दगड काढला. पाण्यात भिजवून चौकटीत बसवला. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, हे हाताला झोपेतही येतं. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात, जोर नको. आज मात्र भीतीनं जोर पडला. पलटून बोट लावलं तर धारेच्या एका बाजूला लोखंडाची बारीक तार उठली होती. पुन्हा हलक्या हातानं, मोजून, एकदा इकडून एकदा तिकडून.
डोळे नाहीत तर नख आहे. अंगठ्याचं नख ओलं करून त्यावर धार अलगद टेकवून ओढली. चांगली धार नखात रुतत जाते, गेलेली सरकते. मधे रुतली. टोकाशी सरकली. हाताचे केस मधल्या धारेनं उडाले, टोकानं नाही. आणि टाळूभोवती चालतं ते टोकच.
सौ. कधी येऊन शेजारी बसली कळलं नाही. म्हणाली, "कितीक दिवस झाले दिसत नाही तुमाले?"
मी दगडावर आणखी पाणी शिंपडलं.
"गुरुजीले लागलं तवाच मले खटकलं. तांब्या धरून उभं राहाले लागले तवाबी. अन् परवा रेघ 'कुठं' म्हनलं, तवा समजलं."
रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "गावाले नका सांगू. रोज निघाच्या आंधी मी पायत जाईन."
डोळ्यांत पाणी आलं.

२८ जाने., रवि.
लहानपणी बाप मडक्याला साबण फासून त्यावर वस्तरा चालवायला लावायचा. आज तेच केलं. मग स्वतःची नडगी. एकही ओरखडा नाही. हात अजून माझा आहे.
तरी भीती जात नाही. जेवताना पोराची टाळू दिसते, टिकटिक करते. भाजीत मीठ नव्हतं म्हणे, मला कळलं नाही.

३० जाने.
विमलच्या घरी मांडव घातला. दारावरून जाताना विमलनं आवाज दिला, "काकाजी, याद आहे ना?" आहे बाई. दुसरं काहीच नाही.
आज सगळं टोक पुन्हा दगडावर. शेवटी पट्ट्यावर साठ हात. पट्ट्याचा आवाज बदलला, भरल्यासारखा आला. की मला तसा ऐकायचा आहे म्हणून आला?

३१ जाने., बुध.
दुपारी सौ.नं अंगणात उभं राहून दोन्ही बाजूंनी पाहिला.
"नाही. रेघ नाही."
"टोकाशी?"
"टोकाशीबी नाही."
"नीट पाय."
"पायलं ना जी. नाही म्हनलं ना."
आज पंधरवड्यानं पोटभर जेवलो. दोन कप चहाही घेतला. हिला म्हटलं, आता आपण दोघं मिळून एक न्हावी. हसली.

१ फेब्रु., गुरु., सकाळ
घाईत लिहितो. ती सदऱ्याचं बटण लावते आहे तोवर.
आंघोळ झाली, धोतर नेसलो, सदरा घातला तर गळ्याचं बटण तुटलं. तिनं सुईदोरा काढला आणि भिंतीवरून शेजारच्या सुनेला हाक मारली, "ये वं, एवढा दोरा ओवून दे. दोन महिने झाले, सुईचं भोक दिसतच नाही मले." हसतच म्हणाली. सून आली, एका झटक्यात दोरा ओवला, गेली.
मी धोकटी हातात घेऊन तिथंच उभा.

२२ तारखेची रेघ मोठी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती तिला दिसली. टोकावरची बारीक रेघ असेल तर? काल तिला रेघ दिसली नाही. मलाही कधी दिसत नव्हती.
तिला काही बोललो नाही. तिच्या मनातही आलेलं नाही.
पुन्हा नख ओलं करून पाहिलं. टोकाशी रुततं. रुततं असं वाटतं. हाताचे केस आता उरलेले नाहीत, सगळे तपासण्यात गेले.

विमलचे डोळे कोवळे आहेत. वस्तरा तिच्या हातात देऊन म्हटलं, पाय बाई, यावर पांढरी रेघ दिसते का, तर एका नजरेत सांगेल. मग विचारेल, काकाजी, तुमाले दिसत नाही का?
तिसरं लेकरू आहे तिचं.

विमलचा भाऊ दारात येऊन उभा आहे. "काकाजी, चला जी. लेकरू माह्या मांडीवर बसाले तयार आहे, आत्याबाई जावळ झेलाले पदर पसरून बसल्या." त्यांच्या आणि आमच्या घरामधे अकरा घरं आहेत.
बटण लागलं. धोकटी काखेत घेतली. वस्तरा तिच्यात ठेवलेला नाही, हातातच आहे. त्यांच्या अंगणात एव्हाना ऊन आलं असेल, आणि विमल तिथंच असेल.